वस्तरा ओढतोय? दगड बाहेर काढण्याआधी हे बघा

यातलं काय काय तुमच्या वस्तऱ्याला लागू पडतं ते आधी पाहा.

- हातावरचे केस सपासप निघतात, पण हनुवटीखाली गेला की ओढतो.
- दगडावरून काढल्यावर पहिली दाढी लोण्यासारखी होते, दुसरी बरी, तिसरीला डोळ्यांत पाणी.
- टाचेकडे, म्हणजे दस्त्याजवळ, कापतो आणि टोकाकडे नुसता घसरतो. किंवा मधला इंचभर भाग मेलेला असतो.
- दाढी होते, पण मान तासभर चुरचुरते. तुरटी फिरवली की मिरची लागल्यासारखं होतं.
- कितीही पुसला तरी पंधरा दिवसांत पात्यावर करडे ठिपके येतात.

मी नाशिकमध्ये सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, काम करतो. वस्तऱ्यांचा नाद लागला तो गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात. भंगाराच्या ढिगात इंग्लंडमधल्या शेफील्डचा एक वस्तरा मिळाला, एकशेवीस रुपयांना. मूठ तडकलेली होती, पण पातं शाबूत होतं. त्यानंतर मित्रांचे, मित्रांच्या सासऱ्यांचे, देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या माळ्यांवरचे असे बरेच वस्तरे हाताखालून गेले. आणणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: "धार लावली होती हो, पण टिकतच नाही." हे म्हणताना त्याच्या दुसऱ्या हातात दगड असतोच.

तो दगड आधी पिशवीत ठेवा. दगडावरची प्रत्येक फेरी पोलाद खाते आणि खाल्लेलं पोलाद परत येत नाही. शंभर वर्षं टिकलेलं पातं हौसेखातर दोन वर्षांत अर्ध्या रुंदीचं झालेलं मी पाहिलंय. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर आणि पोलाद खाणाऱ्या सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला, तिच्यावर एक पूर्ण दाढी करून बघा आणि मगच पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे सुधारलं ते कळत नाही आणि महिन्याभराने तुम्ही परत तिथेच येता.

पाणी, फेस आणि हात

याला एक पैसा लागत नाही, म्हणूनच बहुतेक जण हे बघत नाहीत. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की फुगतो आणि खूप कमी जोरात कापला जातो. तोंडावर दोन हबके मारून लगेच फेस लावला तर केस भिजतच नाही. मग धार कितीही चांगली असो, ती ओढणारच.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात नळ रुसला की बोअर सुरू होते आणि त्या आठवड्यात हमखास कुणाचा तरी फोन येतो की वस्तरा बिघडला. जड पाण्यात साबणाचा साका होतो. फेस नीट होत नाही, जो होतो तो नुसता हवेचा. गालावर दोन मिनिटांत वाळून फाटतो आणि खाली ओलावा उरत नाही. एक दिवस फिल्टरच्या पाण्याने फेस करून बघा. फेस बोटाने ओढल्यावर खालची कातडी निसरडी लागली पाहिजे. फरक पडला तर वस्तऱ्याला हात लावायचं कारणच संपलं.

मग हात. पातं गालावर सपाट टेकवा आणि पाठ, म्हणजे धारेच्या उलटची जाड बाजू, साधारण दोन पाठींच्या जाडीइतकी उचला. कोन तीस अंशांच्या आसपास येतो. गंगापूर रोडचे एक गृहस्थ एकच वस्तरा तीनदा घेऊन आले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "काका, इथेच बेसिनपाशी दाढी करून दाखवा." त्यांनी पातं गालावर जवळजवळ काटकोनात उभं धरलं आणि माशाचे खवले काढावेत तसं खरवडायला सुरुवात केली. इतक्या उभ्या कोनात धार कापत नाही, खरडते. चुरचुर त्याचीच असते. दुसऱ्या हाताने कातडी ताणली नाही तरी तेच होतं. त्यांना मी दगड लावून दिलाच नाही. चौथ्यांदा आले ते पेढे घेऊन.

पट्टा

या एका जागी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण "पहिली दाढी छान, तिसरी वाईट" याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं.

मला पट्टा शिकवला रामकुंडाजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी. आता घाटावर क्षौराला जवळजवळ सगळे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरतात आणि ते योग्यच आहे, कारण एकाचं रक्त दुसऱ्याला लागता कामा नये. पण काकांच्या धोकटीत वडिलांचा अखंड पात्याचा वस्तरा आणि चामड्याचा पट्टा अजून होता. मी माझा वस्तरा त्यांच्यासमोर पट्ट्यावर चालवला. ते थोडा वेळ बघत राहिले.

"भाऊ, तू पट्टा मारतोयस का कणीक मळतोयस?"

"म्हणजे काय काका?"

"दाबतोयस किती! वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं. तेवढंच द्यायचं त्याला. आणि उलटताना धारेवर उलटतोयस. पाठीवर उलट. पाठ कातड्यावरून सुटली की धार मेली."

मग त्यांनी माझा अंगठा आणि तर्जनी पात्याच्या मानेवर, म्हणजे पातं आणि शेपटी यांच्यामधल्या अरुंद भागावर, ठेवून वस्तरा बोटांमध्ये लाटण्यासारखा फिरवायला लावला. मनगट हलवायचंच नाही. मनगट वळलं की टोक नाहीतर टाच उचलली जाते. आठवडाभर मी घरी बिनधारेच्या जुन्या पात्यावर तेवढंच करत बसलो.

त्यांनी सांगितलं त्यात सगळं आलं. पट्टा धार लावत नाही. दगडाने तयार केलेली कड दाढीत किंचित वाकडीतिकडी होते, तिला पट्टा सरळ करतो आणि गुळगुळीत करतो. पातं पट्ट्यावर पाठीच्या दिशेने जातं, धार मागून येते. धार पुढे करून गेलात तर पट्टा चिरेल. पट्टा झोळीसारखा लोंबला किंवा हाताने दाब दिला की चामडं कडेभोवती वळतं आणि कड गोल होते. गोल झालेली कड भिंगातून चकाचक दिसते आणि तरी कापत नाही, म्हणूनच माणूस गोंधळतो.

तपासणी अशी: पट्टा ताणून धरा. आधी कापडाच्या बाजूवर वीस-तीस फेऱ्या आणि मग चामड्यावर पन्नास-साठ, पूर्ण सावकाश. आवाज ऐका. दोन्ही बाजूंना एकसारखा सुर्र आला पाहिजे. एका बाजूला आवाज आणि दुसरी मुकी असेल तर मुक्या बाजूला पातं सपाट टेकत नाहीये. पट्ट्यावर चिरा, वाळलेला साबण किंवा धूळ असेल तर तळहाताने चोळून साफ करा. खोल चिरेची कड वर आली असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने बसवा. त्या एका उचललेल्या कडेवरून पातं दर फेरीला घासतं आणि धारेत बरोबर एकाच जागी दात पडतो.

हे करून आठवडाभर दाढी करा. सुधारलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

ओल, गंज आणि मुठीचा कापूर

जुने वस्तरे साध्या कार्बन पोलादाचे असतात. स्टेनलेस असेल तर पात्यावर किंवा मानेवर तसा शिक्का सापडतो. कार्बन पोलादाची कड इतकी पातळ असते की गंजाचा डोळ्याला न दिसणारा ठिपकासुद्धा तिथे खड्डा पाडतो. श्रावणात न्हाणीघरात ठेवलेला वस्तरा रोज पट्ट्यावर घेतला तरी ओढतो, कारण पट्टा गंज काढत नाही.

दाढीनंतर पातं आणि दस्त्याच्या आतली फट टिश्यूने कोरडी करा, तासभर उघडं ठेवा, मग तेलाचं बोट फिरवा. तेल शिलाई मशीनचं. खोबरेल लावू नका. नाशिकच्या थंडीत ते गोठतं, आणि महिन्याभरात खवट चिकट थर होतो, तो वेगळाच.

एक प्रकार मात्र तेलाने थांबत नाही. देवळालीहून एका मित्राच्या आजोबांचा वस्तरा आला होता. मूठ पिवळसर, कासवाच्या पाठीसारखे डाग असलेली, दिसायला देखणी. गंज काढून, तेल लावून परत दिला. तीन आठवड्यांनी पुन्हा गंज. परत साफ केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं, तर गंज फक्त पात्याच्या त्या भागावर होता जो मिटल्यावर मुठीच्या आत जातो. मान आणि शेपूट लख्ख. मुठीला नाक लावलं, तर कापराचा वास आणि त्यामागे काहीतरी आंबट.

ती मूठ सेल्युलॉइडची होती. हे जुनं प्लास्टिक नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून बनतं. म्हातारं झालं की कुजायला लागतं, त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडचे वायू सुटतात आणि ओल मिळाली की ते आम्ल होतात. म्हणजे पातं रोज रात्री आम्लाच्या डबीत झोपत होतं. कुजायला लागलेलं सेल्युलॉइड सुधारत नाही. मूठ बदलायची, एवढाच उपाय. तोवर तो वस्तरा उघडा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण वायू शेजारच्या पात्यांनाही खातो. सेल्युलॉइड भडकन पेटतं. 'तापवलेली सुई टोचून बघा' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

मूठ हस्तिदंती असल्याची शंका आली तर तो विकायच्या किंवा विकत घ्यायच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो व्यापार बंद आहे.

उजेड आणि भिंग

घड्याळजीचं दहापट भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते घेण्याआधी नुसता दिवा वापरा. धार वर करून पातं दिव्याखाली धरा आणि टाचेपासून टोकापर्यंत हळू झुकवत न्या. खरी धार उजेड परतवत नाही, कारण परतवायला तिथे सपाट जागाच नसते. जिथे पांढरा ठिपका चमकला तिथे चीर तरी आहे, नाहीतर कड बोथट आहे. ठिपका जिथे दिसतो तिथेच गालावर ओढतो का, ते ताडून बघा. जुळलं तर दोष धारेत आहे. जुळलं नाही तर पुन्हा वरच्या तीन गोष्टींकडे जा.

दाढीपूर्वी छान आणि एका दाढीनंतर मेलेली धार असेल तर भिंगाखाली कडेवर तारेसारखी पातळ लोंबती पट्टी शोधा. एकाच बाजूला खूप फेऱ्या मारल्या, किंवा बारीक दगडावर गरजेपेक्षा जास्त घासलं की पोलादाची अशी तार उरते. हातावरचा केस ती सुंदर कापते आणि दाढीच्या पहिल्या मिनिटात तुटून जाते. मागे उरते ती खडबडीत कड. उपाय सोपा आहे: बारीक दगडावर एक फेरी या बाजूने, एक त्या बाजूने, नुसत्या वजनावर, दहा-पंधरा वेळा. तेवढंच.

मार्कर

ही वीस रुपयांची तपासणी माझी सगळ्यात आवडती. धारेच्या दोन्ही बाजूंना दगडाने केलेला जो बारीक उतार असतो, ज्याला आम्ही बेव्हल म्हणतो, तो काळ्या मार्करने रंगवा. वाळू द्या. बारीक दगडावर अगदी हलक्या दोन फेऱ्या मारा आणि भिंगातून बघा.

शाई अगदी कडेपर्यंत सगळीकडे निघाली तर दगड धारेला पोचतोय. शाई वरच्या बाजूला गेली पण कडेला केसाइतकी काळी रेघ उरली, तर दगड धारेला कधी शिवलाच नाही. इतके दिवस तुम्ही धारेच्या वरचं पोलाद चकाकवत होता. 'धार टिकत नाही' म्हणून येणाऱ्या वस्तऱ्यांत मला ही काळी रेघ सारखी सापडते. धार गेलेली नसते, ती झालेलीच नसते. आठ हजार नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) तास घालवला तरी ती होणार नाही, कारण तो दगड पोलाद नावापुरतंच काढतो, मुख्यतः पॉलिश करतो.

उलटं दिसलं, म्हणजे शाई फक्त कडेला गेली आणि वर राहिली, तर आधीच्या कुणीतरी टेपशिवाय धार केली होती आणि तुम्ही आता पाठीला टेप लावलीय. टेपशिवाय पातं थोडं चपटं बसतं, टेपसकट जास्त कोनात. सोळा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड पाठीच्या वस्तऱ्याला साधारण सोळा अंशांचा कोन येतो. इन्सुलेशन टेपचा एक थर तो जवळपास एक अंशाने वाढवतो. यात बरोबर-चूक काही नाही, पण एकदा टेप आणि एकदा बिनटेप असं केलं की दरवेळी धार नव्याने करावी लागते. ठरवा आणि डबीवर लिहून ठेवा.

शाई टोकाकडे किंवा मधल्या तुकड्यातच राहिली तर आधी दगडावर संशय घ्या, पात्यावर नाही.

दगड सपाट आहे का

पाण्याचा दगड मधोमध झिजतो आणि हलकी वाटी होते. डोळ्याला दिसत नाही. पोलादी पट्टी आडवी ठेवून खिडकीकडे धरा, पट्टीखालून उजेड आला की वाटी आहे. जाड काचेवर वॉटर पेपर पसरा, पाणी टाका, दगडावर पेन्सिलीने चौकड्या आखा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या मला हे सुचायला तीन महिने लागले. सुचेपर्यंत मी त्या एकशेवीस रुपयांच्या पात्याला शिव्या देत होतो. दगड सपाट केल्यावर पंधरा मिनिटांत टोकाला धार आली.

बेव्हल नव्याने बसवणं

इथून पुढे पोलाद जातं. वरचं सगळं झालं असेल आणि काळी रेघ उरतच असेल तरच या.

आधी पातं नीट बघा. मानेवर व्ही आर अशी राणीच्या नावाची अक्षरं आणि मुकुट असेल तर ते व्हिक्टोरियाच्या काळातलं, म्हणजे १८३७ ते १९०१ मधलं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा शिक्का बहुधा त्यानंतरचा. हे सांगतोय कारण जुनी शेफील्डची पाती पुष्कळदा पाचरीसारखी भरीव असतात. ती दगडावर जास्त जागेवर टेकतात आणि दुप्पट वेळ खातात. जर्मनीतल्या झोलिंगनची खोल पोकळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेली, पाती पातळ असतात, जोर दिला की कड वाकते आणि दगडावरून उचलली जाते. पाचरीला लागणारा दाब पोकळ पात्याला दिलात तर पुन्हा तीच काळी रेघ.

एक हजार नंबरचा दगड, भरपूर पाणी, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, धार पुढे. दगड अरुंद असेल तर टाचेपासून टोकाकडे तिरकं ओढत न्या. दोन्ही बाजूंना सारख्या फेऱ्या. दर वीस फेऱ्यांनी मार्कर. थांबायची खूण एकच: टाच, मध्य आणि टोक, तिन्ही जागी हातावरचा केस कातडीलगत कापला गेला पाहिजे. एकही जागा नापास असेल तर पुढच्या दगडावर जाऊ नका. घाई होते ती इथेच. तीन-चार हजार, मग आठ हजार किंवा बारा हजार, हे नंतरचं काम त्यामानाने झटपट होतं. शेवटी पट्टा.

इथे थांबा

पात्यावर नख अडकेल अशी बारीक उभी रेघ दिसली तर ती तडा असू शकते. पातं टांगून हलकेच टिचकी मारा. 'टिंग' लांबत गेलं तर ठीक, 'ठक' झालं तर तो वस्तरा काचेच्या कपाटात. तडकलेलं पातं गळ्यापाशी तुटतं तेव्हा दुसरी संधी मिळत नाही.

धारेजवळ निळा किंवा जांभळा पट्टा असेल तर कुणीतरी तो फिरत्या चाकावर धरलाय. सायकलवर चाक घेऊन येणारा धारवाला विळीला उत्तम धार लावतो. वस्तरा त्याला देऊ नका. ठिणगी उडाली म्हणजे कड तापली, निळा रंग आला म्हणजे पाणी उतरलं. ते पोलाद मऊ झालं, त्यावर धार टिकत नाही. तो भाग पूर्ण काढावा लागतो आणि तो घरच्या दगडाने निघत नाही.

मिलिमीटरहून खोल चीर, मधे आत गेलेली धार, पीळ पडलेलं पातं, किंवा एका बाजूने जास्त झिजलेली पाठ, हे सगळं वस्तरे घासण्याचंच काम करणाऱ्या जाणकाराकडे द्या. सेल्युलॉइडची मूठ बदलायची असेल तर तीही. मुठीचं रिव्हेट काढताना पातं तोडलेले दोघे मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

तुमच्याबाबतही एक थांबा आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा मधुमेहामुळे जखमा भरत नसतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडं पातं गळ्याला लावू नका. कापलं तर स्वच्छ फडक्याने सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. तरी वाहत असेल, किंवा जखमेच्या कडा उघड्या राहत असतील तर तुरटी सोडा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते तिथे विचारतील, घरून निघतानाच आठवून ठेवा. बाजारातला जुना वस्तरा वापरण्याआधी धुऊन, कोरडा करून सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा आणि एकच माणूस वापरेल असं बघा.

जाणकाराकडे पाठवताना पातं मिटून सुती दोऱ्याने बांधा, कागदात गुंडाळा आणि आत चिठ्ठी ठेवा: कुठे ओढतो, टाच, मध्य की टोक. कुठल्या नंबरच्या दगडावर घासला. टेप होती का. मार्करची रेघ कुठे उरली. या चार ओळी नसतील तर समोरच्यालाही फेस आणि पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते.